लाइन क्लिअर परत येईपर्यंत

आफ्रिकेत वीज नेण्याचं काम मी पाच-सहा वर्षं केलं आणि तेवढ्या काळात आफ्रिका एकदाही पाहिली नाही. मी बसायची मॅसॅच्युसेट्समध्ये, रूट नाइनवरच्या एका विटांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली गालिच्यांचं दुकान, वर आमची कन्सल्टिंग कंपनी. वॉशिंग्टनहून मदतीचा निधी यायचा, तिकडच्या एखाद्या देशाचं वीज मंडळ लाइन मागायचं आणि मधली सगळी डोकेफोड आमच्याकडे. खांब कुठे रोवायचे, तार किती जाड, ट्रान्सफॉर्मर केवढा, लाइन उभी राहिली की तपासायची कशी आणि चालू करायची ती कुणाच्या सांगण्यावरून. यातलं शेवटचं, म्हणजे तपासणं आणि चालू करणं, माझ्याकडे होतं.

आम्ही राहायचो त्या श्रूजबरीत शनिवारी कुणा मराठी घरी जेवायला जमलो की हमखास कुणीतरी विचारायचं, "काय मग, सिंह बघितलास की नाही?" मी सांगायची, बघितला, आमच्याच ऑफिसात कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसतो. लोक हसायचे. पण वर्षानुवर्षं नकाशावर पाहिलेल्या गावांबद्दल कुणी मला धड एक प्रश्न विचारला नाही याचा मला राग यायचा. मला त्या गावांची नावं आपल्या तालुक्याच्या गावांसारखी पाठ होती. कुठे ओढा आडवा येतो, कुठे बाजार भरतो, कुठे मिशनचं हॉस्पिटल आहे आणि तिथे ऑपरेशनच्या वेळी जनरेटर बंद पडला तर कंदील धरतात, हे सगळं मला माहीत होतं.

हे जे सांगणार आहे ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात आम्ही एक लाइन बांधत होतो. एका छोट्या सबस्टेशनपासून निघून डोंगराच्या कडेकडेने ती त्या मिशन हॉस्पिटलपर्यंत जात होती, वाटेत बाजाराची गावं घेत. हा पहिला टप्पा. तो नीट पार पडला तर दुसरा, म्हणजे डोंगरापलीकडची गावं. ती गावं पहिल्याच्या दुप्पट होती.

ऑफिसात मी एकटी बाई इंजिनिअर. दुसरा मराठी माणूस एकच, नागपूरचे एक काका. माझ्या खूप आधी आलेले, लाइनच्या डिझाइनमध्ये मुरलेले. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. मला त्यांच्या बाबतीत ते जमेना, मी त्यांना काकाच म्हणायची, आणि हळूहळू आमची सेक्रेटरीसुद्धा त्यांना काका म्हणायला लागली. माझ्यासाठी शब्द टाकून त्यांनीच मला तिथे लावून घेतलं होतं. माझ्या नवऱ्याचं युनिव्हर्सिटीतलं काम संपत आलेलं होतं आणि आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड माझ्या कंपनीच्या अर्जावर लटकलेलं होतं. हे काकांना माहीत होतं, बॉसला तर होतंच.

आता थोडं माझ्या नियमाबद्दल.

माझे वडील आपल्याकडच्या वीज मंडळात लाइनमन होते. तालुक्याच्या गावी आमचं घर, आणि त्यांचं आयुष्य खांबावर. लाइनवर काम करायचं असलं की ते आधी सबस्टेशनला जात आणि 'लाइन क्लिअर' घेत. म्हणजे ऑपरेटरने ती लाइन बंद करायची आणि वडिलांनी कबूल करायचं की आता या लाइनवर माझी माणसं आहेत. काम झालं की ती लाइन क्लिअर परत द्यायची, मग ऑपरेटर लाइन चार्ज करणार, म्हणजे तिच्यात वीज सोडणार. पण परत द्यायची ती ज्याने घेतली त्यानेच, स्वतः जाऊन. निरोप चालत नाही. चिठ्ठी चालत नाही. मुलाला सायकलवर धाडणं तर मुळीच नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट घरात अजून निघते. पोहे झाले, चहा झाला, मुलीला प्रश्न विचारून झाले, मुलीचा बाप काही येईना. काम दुपारीच संपलं होतं. घर वाटेत होतं, सबस्टेशन पुढे तीन-चार मैल. वडील घरावरून सायकलने तसेच पुढे गेले, लाइन क्लिअर परत दिली आणि मग घामेजलेल्या खाकी शर्टात पाहुण्यांसमोर येऊन बसले. आई आतून धुमसत होती. नंतर ती त्यांना खूप बोलली. ते एवढंच म्हणाले, "लाइन माझ्या नावावर होती." पाहुण्यांनी नकार कळवला. वडिलांबरोबरचा एक लाइनमन कुणाच्यातरी निरोपावर चार्ज झालेल्या लाइनवर शॉक लागून गेला होता, त्याची बायको आमच्या दोन घरं पलीकडे राहायची. त्यामुळे आईने तो विषय पुन्हा काढला नाही.

तर मी जेव्हा आमच्या प्रोजेक्टसाठी लाइन चालू करण्याची नियमावली लिहिली, तेव्हा हा नियम त्यात घातला. ज्याने घेतली त्यानेच, स्वतः येऊन. बॉसने त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं: 'वायरलेसवरून किंवा निरोप्यामार्फत कळवता येईल.' मी ते खोडलं. त्याने परत लिहिलं. मी परत खोडलं. काका हसून म्हणाले, "अगं, तू आपलं तालुक्याचं सबस्टेशन उचलून आफ्रिकेत नेतेयस." पण तिकडच्या वीज मंडळाला तो नियम पसंत पडला आणि राहिला. करारात असंही होतं की लाइन त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत चार्ज करायचा शब्द आमच्या बाजूने दोघांपैकी एकानेच द्यायचा: साइटवरच्या आमच्या इंजिनिअरने किंवा मी. बॉसचं नाव त्यात नव्हतं. तो मूळचा सिव्हिलचा, विजेचं त्याला स्वतःलाच नको होतं.

उद्घाटनाची तारीख ठरली होती ती मंत्र्यांच्या सोयीने अचानक अलीकडे आली. साइटवरचा आमचा इंजिनिअर नेमका मलेरियाने आडवा झाला आणि त्याला राजधानीत हलवलं. राहिले मी, समुद्रापलीकडे.

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे रस्त्यावर बर्फ साचून दगड झालेला. तिकडे संध्याकाळ व्हायला आलेली. अंधार पडता पडता दिवे लागावेत म्हणून मुद्दाम तीच वेळ धरली होती. फोन लागायला बराच वेळ लागला, त्यामुळे लागल्यावर तो कुणी खाली ठेवायचा नाही असं ठरलं. कॉन्फरन्स रूममध्ये टेबलावर स्पीकरफोन, भोवती बॉस, काका आणि मी. दाराबाहेर टेलेक्सच्या मशीनपाशी सेक्रेटरी. मी तोंडी शब्द द्यायचा, पाठोपाठ टेलेक्सने तोच शब्द लेखी जाणार, असा बेत.

पलीकडे सबस्टेशनचा ऑपरेटर होता. बोलणं सावकाश आणि फार अदबशीर. आमचा आवाज तिकडे पोचून त्याचं उत्तर यायला क्षणभर वेळ लागायचा, त्या क्षणात बँड ऐकू यायचा. त्याने सांगितलं, बाहेर तंबू उभारलाय, शाळेची मुलं रांगेत उभी आहेत, मंत्री पोचलेत. मंत्री तंबूत बटण दाबणार, त्याने कंट्रोल रूममध्ये घंटा वाजणार आणि घंटा वाजली की तो ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, लावणार. सगळं ठरल्याप्रमाणे.

"सगळ्या लाइन क्लिअर परत आल्या?" मी विचारलं.

क्षणभर बँड. मग तो म्हणाला, "एक नाही आली, मॅडम."

चाचणीसाठी लाइन आधी एकदा चार्ज करून झाली होती. त्या सकाळी शेवटची पाहणी करताना हॉस्पिटलच्या अलीकडे एका खांबावरच्या इन्सुलेटरला तडा गेलेला दिसला. फोरमन लाइन क्लिअर घेऊन, दोन माणसं बरोबर घेऊन तो बदलायला गेला होता. अजून आला नव्हता.

ब्रेकरला लावायची कुलपं असती तर मी इतकी घाबरले नसते. काम करताना तार जमिनीला जोडून ठेवायच्या साखळ्या असत्या तरी चाललं असतं, चुकून लाइन चार्ज झाली तरी माणूस वाचतो. पण कुलपं आणि साखळ्या एकाच खोक्यात होती आणि ते खोकं बंदरात कस्टमच्या ताब्यात होतं. तिथल्या माणसांजवळ त्या संध्याकाळी फोरमनच्या शब्दाशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

"मग थांबू या," मी म्हटलं.

बॉसने घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. तोवर तोही शांत होता. तो वाईट माणूस नव्हता हे मला सांगायलाच हवं. त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईची पत्रं त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. या लाइनसाठी त्याने माझ्यापेक्षा जास्त खस्ता खाल्ल्या होत्या.

थोड्या वेळाने फोनवर दुसराच आवाज आला. भारदस्त, घाईतला. तो मंत्र्यांच्या कार्यालयातला अधिकारी होता. त्याने सांगितलं की हॉस्पिटलकडून एक ड्रायव्हर आलाय, फोरमनचा निरोप आहे, काम संपलं, माणसं खाली उतरली. तेव्हा आता परवानगी द्यावी.

"फोरमनला फोनवर द्या," मी म्हटलं.

"तो वाटेत आहे."

"मग तो आला की देते."

पलीकडे कुणीतरी कुणाशी भराभर बोललं. बॉसने स्पीकरचा आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि माझ्याकडे वळला. "ड्रायव्हर आलाय. निरोप आलाय. अजून काय पाहिजे?"

"फोरमन पाहिजे."

"तो खराब रस्त्यावर आहे. तासभर येणार नाही. मंत्री तासभर थांबणार नाहीत."

"मग उद्या करू."

तेवढ्यात केबिनमधला त्याचा फोन वाजला. वॉशिंग्टनहून, निधी देणाऱ्या ऑफिसातून. तो तिकडे धावला, दार उघडंच राहिलं, त्यामुळे त्याची बाजू मला सगळी ऐकू येत होती. हो सर. नाही सर, फक्त प्रोसीजर. हो, मला कल्पना आहे, दुसऱ्या टप्प्यावर सही व्हायचीय. हो सर, मंत्री नाराज झाले तर काय होईल ते मला कळतं.

काकांनी मला खुणेने पॅसेजमध्ये बोलावलं. तिथे पाण्याच्या कूलरपाशी उभं राहून ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, मी तुला इंजिनिअर म्हणून नाही, घरचा म्हणून सांगतोय. पाठवून टाक ना. ड्रायव्हर खोटं कशाला बोलेल यार? त्याला काय मिळणार?"

"काका, तुम्ही केलं असतं?"

"मी काय केलं असतं ते सोड. तुझी केस पेंडिंग आहे. त्याने उद्या अर्ज विथड्रॉ केला तर तुम्ही दोघं कुठे जाल? आणि दुसरा फेज कॅन्सल झाला तर त्या डोंगरापलीकडच्या लोकांनी काय करायचं? ते पण माणसंच ना? तिकडेही बाळंतपणं अंधारातच होतात."

हे शेवटचं मला लागलं. ग्रीन कार्डचं बोलले असते आणि थांबले असते तर मी तणतणत आत गेले असते. पण डोंगरापलीकडची गावं मीच नकाशावर मांडली होती. एकीकडे ती सगळी गावं आणि दुसरीकडे तीन माणसं, तीही बहुधा खाली उतरलेली, बहुधा या क्षणी रस्त्याने चालत येणारी. बहुधा. मी कूलरचं घोटभर पाणी प्याले.

मी टेलेक्सपाशी गेले. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं आणि बोटं कळांवर ठेवली. मी तिला सुरुवातीचं वाक्य सांगायला लागले, कुणाकडून, कुणाला, कुठल्या लाइनबद्दल. तिने ते टाइप केलं आणि पुढच्या शब्दासाठी थांबली. पुढचा शब्द परवानगीचा होता.

तो माझ्या तोंडून निघेना. मोठं काही शौर्य अंगात संचारलं म्हणून नव्हे. मला नुसती एक शंका आली आणि ती गेल्याशिवाय पुढे बोलताच येईना. मी तिला थांब म्हटलं आणि परत आत जाऊन स्पीकर चालू केला.

"ऑपरेटर आहेत का?"

"आहे, मॅडम."

त्याच्याभोवती माणसं उभी होती हे मला ऐकूनच कळत होतं. कुणीतरी अगदी फोनजवळ श्वास घेत होतं. अशा वेळी त्याला लांबलचक प्रश्न विचारणं म्हणजे त्यालाच अडचणीत टाकणं.

"तुम्ही त्या ड्रायव्हरला स्वतः पाहिलंत? फक्त हो किंवा नाही सांगा."

या वेळी क्षण फार लांबला. बँडही थांबला होता. मंत्र्यांचं भाषण सुरू झालं असावं, लाउडस्पीकरची घरघर येत होती.

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

"मी हो म्हटलं तर घंटा वाजल्यावर तुम्ही लाइन चार्ज कराल?"

"तुम्ही हो म्हटलंत तर मला करावीच लागेल."

"मी हो म्हणत नाहीये," मी म्हटलं. "फोरमन स्वतः येईपर्यंत म्हणणार नाही."

अधिकाऱ्याचा आवाज मधे घुसला. मी कोण, माझा अधिकार काय, देशाच्या मंत्र्याला एका परदेशी कंपनीची एक बाई ताटकळत ठेवते म्हणजे काय. आवाज चढत गेला. मी ऐकून घेतलं. बॉस दारात येऊन उभा होता, चेहरा लालबुंद. त्याने पुढे होऊन फोनवर वाकून स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि म्हणाला, "कंपनीच्या वतीने मी परवानगी देतो. लाइन चार्ज करा."

मी टेबलाची कड घट्ट धरली. काका खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं, ते मी पाहिलं.

क्षण गेला. मग ऑपरेटरचा तोच सावकाश, अदबशीर आवाज आला. "माफ करा, सर. माझ्याकडे तुमचं नाव नाही. मला मॅडमचा शब्द लागेल."

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्याच्या खोलीत तेव्हा कोण कोण उभं होतं, त्याची नोकरी कुणाच्या हातात होती, मला माहीत नाही. पण माझ्या खोलीत निदान हीटर होता आणि दार उघडून मी घरी जाऊ शकत होते.

बॉसने फोनपासून हात काढला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आज हा समारंभ फसला तर सोमवारी तुझ्यासाठी इथे काम असेल असं मी सांगू शकत नाही." आवाज अगदी साधा होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. ठीक काहीच नव्हतं. नवऱ्याला काय सांगू हा विचार त्याच क्षणी डोक्यात आला. पण आता शब्द बाहेर पडला होता आणि तो मागे घ्यायची ताकदही माझ्यात उरली नव्हती.

मग आम्ही नुसते बसलो. काही करायला नव्हतंच. बॉस खिडकीशी उभा राहून खाली पार्किंगमध्ये बर्फ ओढणाऱ्या गाडीकडे बघत होता. काका डोळे मिटून बसले होते, झोपलेले नव्हते. सेक्रेटरी मधूनच दारात येई आणि आमचे चेहरे बघून परत जाई. स्पीकरमधून भाषण चालूच होतं. मंत्र्यांना कुणीतरी कानात सांगितलं असावं, कारण भाषण संपतच नव्हतं. मग मुलांचं गाणं झालं. मग परत बँड. मी मधूनमधून विचारायची, आले का, आणि ऑपरेटर म्हणायचा, अजून नाही, मॅडम. एकदा त्याने आपणहून सांगितलं, "आता बाहेर अंधार पडला." अंधारात खांबावर माणूस असेल का, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

वॉशिंग्टनचा फोन आणखी एकदा वाजला. बॉसने तो उचलला नाही. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

किती वेळ गेला मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. एकदम फोनवर धडपड ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज, कुणीतरी धापा टाकत होतं. ऑपरेटर घाईने म्हणाला, "फोरमन आले, मॅडम. सायकलने आले."

"त्यांना फोनवर द्या."

"मी फोरमन बोलतोय," एक घोगरा, दमलेला आवाज म्हणाला. "सकाळी घेतलेली लाइन क्लिअर मी परत देतो. काम पूर्ण. माणसं खाली. शिडी खाली. हत्यारं मोजली."

"दोन्ही माणसं? तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"दोघंही खांबापासून लांब उभी करून मग निघालो."

"लाइन क्लिअर मिळाली," मी म्हटलं. मग ऑपरेटरला उद्देशून तो वर्षभर कागदावर लिहून ठेवलेला शब्द एकदाचा उच्चारला. "लाइन चार्ज करा."

बाहेर कुणीतरी तंबूकडे पळालं. बँड मधेच तुटला. मग घंटा, मग ब्रेकरचा तो जड धप्प असा आवाज, आणि त्यानंतर जे झालं त्याला ओरडा म्हणायचं की काय मला कळेना. शेकडो माणसांच्या घशातून एकदम निघालेला आवाज समुद्राखालून की आकाशातून आमच्या त्या खोलीत आला आणि स्पीकर फाटल्यासारखा खरखरला. काकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. सेक्रेटरी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

बॉसने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग तो हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "बघ. काहीच प्रॉब्लेम नव्हता. ड्रायव्हर म्हणत होता तेच खरं निघालं." आणि वॉशिंग्टनला कळवायला केबिनकडे गेला. काकाही त्याच्या मागोमाग गेले.

मी एकटीच फोनपाशी राहिले. तोही आता ठेवायचा होता. पण फोरमन अजून फोनवर होता, कुणीतरी त्याला पाणी दिलं असावं, तो घोट घेत होता. मला त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं आणि काय ते सुचत नव्हतं. म्हणून मी विचारलं, "ड्रायव्हरला तुम्ही किती वाजता पाठवलंत? काम तर तेव्हाच संपलं होतं ना?"

"कुठला ड्रायव्हर?"

"तुमचा निरोप घेऊन आलेला."

"मी कुणालाच पाठवलं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे गाडीच नव्हती, मॅडम. काम आत्ता संपलं, अंधार पडल्यावर. बोल्ट गंजला होता, निघत नव्हता."

मी खुर्चीत बसले. तो आपल्या नादात बोलत होता, काम पार पडल्यावर माणसं बोलतात तसा, मोकळा होऊन.

"मंत्र्यांच्या गाड्या आम्हाला तिथून दिसल्या. धूळ दिसली. वर जो माझा माणूस होता तो घाबरला. म्हणाला, मी उतरतो, आता चार्ज करतील. पट्टा सोडायला लागला होता. मी खालून ओरडून सांगितलं, उतरू नकोस, काम पुरं कर. मी स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय कुणीही चार्ज करू शकत नाही. अमेरिकेच्या इंजिनिअरने तसं लिहून दिलंय. मग तो थांबला."

नियम लिहिला नसता तर गाड्यांची धूळ बघून तो माणूस केव्हाच खाली उतरला असता. तो वर थांबला होता तो माझ्या भरवशावर, आणि त्याच वेळी मी टेलेक्सपाशी उभी राहून सेक्रेटरीला वाक्य सांगत होते.

"हॅलो? मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.